पहिली मोठी स्पोर्ट्स बाइक : खानदेशच्या रस्त्यांसाठी निवड

भारतात वयाची अठरा वर्षे पूर्ण झाली की गिअरच्या मोटारसायकलचा परवाना मिळतो. त्या एकाच परवान्यावर ९७ सीसीची स्प्लेंडर चालवता येते आणि १,३४० सीसीची हायाबुसाही. जळगाव किंवा धुळ्याच्या आरटीओत हलक्या गाडीवर आठचा आकडा काढून दाखवणारा तरुण कायद्याच्या दृष्टीने त्याच दिवशी दोनशे अश्वशक्तीच्या यंत्रालाही पात्र ठरतो. शोरूममध्ये त्याला अडवणारे कोणी नसते. अडते ते फक्त पैशांपाशी, आणि कर्जाच्या हप्त्यांमुळे आता तेही फारसे अडत नाही.

युरोपीय संघात असे होत नाही. तिथे २०१३पासून मोटारसायकलच्या परवान्याला पायऱ्या आहेत. मधल्या पायरीवर ३५ किलोवॉट, म्हणजे सुमारे ४७.६ अश्वशक्ती ही कमाल मर्यादा आहे. शिवाय गाडीच्या वजनाच्या मानाने शक्ती किती असावी, यालाही बंधन आहे. या पायरीवर दोन वर्षे काढल्यावर चालकाला पुढचा परवाना मागता येतो. या नियमाचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. बारामतीत तयार होणारी एप्रिलिया आरएस ४५७ बरोबर ४७.६ अश्वशक्तीची आहे. युरोपातल्या मधल्या परवान्यात बसावी, अशाच बेताने तिचे इंजिन बांधलेले आहे. आपल्या कायद्यात ही पायरी नाही, म्हणून खरेदी करणाऱ्याने ती स्वतः आखून घेतली पाहिजे. पहिल्या मोठ्या गाडीसाठी ४० ते ४८ अश्वशक्ती ही योग्य हद्द आहे.

नुसत्या सीसीवरून गाडीचा स्वभाव कळत नाही. गाडीच्या दर शंभर किलो वजनामागे किती अश्वशक्ती येते, ते पाहावे. स्प्लेंडरमध्ये ती जेमतेम सात आहे, यामाहा आर१५मध्ये तेरा, केटीएम आरसी ३९०मध्ये सुमारे पंचवीस, आरएस ४५७मध्ये सत्तावीस आणि कावासाकी निन्जा ६५०मध्ये जवळपास पस्तीस. निन्जा झेडएक्स-१०आरमध्ये हाच आकडा अठ्ठ्याण्णवच्या घरात जातो. आर१५वर दोन-तीन वर्षे काढलेला चालक आरसी ३९०वर आला तर त्याच्या हातात दुप्पट जोर येतो. एवढी वाढ हाताला आणि नजरेला पेलवते. तोच चालक थेट झेडएक्स-१०आरवर बसला तर जोर सातपट होतो. त्या गाडीचा पहिला गिअरच ताशी शंभर किलोमीटर ओलांडतो. तिथे मनगट थोडे जास्त वळले तर दुरुस्त करायला वेळच उरत नाही.

वेग दुप्पट झाला की ब्रेक लावल्यापासून थांबेपर्यंतचे अंतर चौपट होते. ताशी ६० किमी वेगात समोरचा अडथळा दिसून मेंदूने हाताला हुकूम देईपर्यंत, एक सेकंद धरला तर, गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावून थांबायला आणखी साधारण २० मीटर लागतात. ताशी १२० किमी वेगात हेच आकडे ३३ आणि ८० मीटर होतात. एकूण अंतर ३७ मीटरवरून ११३ मीटरवर जाते. हे सगळे सरावलेल्या हाताचे आणि स्वच्छ डांबराचे हिशेब आहेत.

खानदेशातले डांबर स्वच्छ असतेच असे नाही. सुरत-धुळे-जळगाव-भुसावळ-नागपूर हा राष्ट्रीय महामार्ग ५३ चौपदरी होत गेला तसा वेग वाढला, पण रस्त्यावरची माणसे आणि वाहने तीच राहिली. पहिल्या पावसानंतर शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर काळ्या मातीचा चिखल रस्त्यावर येतो आणि रुंद टायरही त्यावर साबणासारखे घसरते. रावेर-यावलकडून केळीचे ट्रक निघतात, हंगामात कापसाने फुगलेल्या ट्रॉल्या मागचा दिवा नसताना अंधारात चालतात, आणि ढाब्यापाशी दुभाजकाचा वळसा वाचवायला गाड्या सर्रास उलट्या दिशेने येतात. चौपदरी महामार्गावर मोटारसायकलला ताशी ८० किमीची मर्यादा आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी महामार्ग तर दुचाकींना बंदच आहेत. ताशी २५० किमी पळणाऱ्या गाडीला तो वेग दाखवायला या भागात कायदेशीर जागाच नाही.

शक्तीइतकाच इंजिनाचा प्रकारही महत्त्वाचा. एका सिलिंडरच्या इंजिनाला थरथर जास्त, पण ते हलके आणि दुरुस्तीला सोपे असते. जुळ्या सिलिंडरचे इंजिन शांत असते, त्याचा जोर कमी फेऱ्यांपासून सारखा वाढत जातो, म्हणून नवख्याला ते सगळ्यात समजूतदार वाटते. चार सिलिंडरच्या स्पोर्ट्स गाडीचा स्वभाव वेगळा. खालच्या फेऱ्यांवर ती गरीब वाटते आणि वर गेल्यावर एकदम उसळते. शिवाय तिची उष्णता. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या आसपास असतो. अशा दुपारी शहरातल्या चौकात उभ्या राहिलेल्या मोठ्या इंजिनाचा पंखा गरम हवा थेट मांड्यांवर सोडतो. टेस्ट राइड हिवाळ्यातल्या सकाळी घेतली तर हे कळत नाही. ती शक्य तेवढ्या उन्हात आणि गर्दीत घ्यावी.

स्पोर्ट्स गाडीचे हँडल खाली आणि फूटरेस्ट मागे असतात. शरीराचा भार मनगटांवर येतो. अर्ध्या तासाच्या चकरेला तो जाणवत नाही, जळगाव-नाशिक प्रवासात मात्र चांगलाच जाणवतो. सीटवर बसून दोन्ही पायांचे चवडे जमिनीला नीट टेकले पाहिजेत. आरसी ३९०च्या सीटची उंची ८२४ मिमी आहे, निन्जा ६५०ची ७९०. निन्जाची सीट खाली, पण जमिनीपासूनचे अंतरही फक्त १३० मिमी. गावोगावच्या बेहिशेबी गतिरोधकांवर तिचे पोट घासू शकते. ज्याला रोज गावात ये-जा करायची आहे त्याने ३९० ड्यूकसारखी सरळ हँडलची गाडी जरूर पाहावी. तिची ताकद आरसीपेक्षा कमी नाही आणि पाठ मात्र सरळ राहते.

१२५ सीसीपुढच्या गाड्यांना एबीएस सक्तीचे असले तरी कायदा फक्त पुढच्या चाकावरचे एबीएसही चालवून घेतो. या वर्गातल्या खरेदीत दोन्ही चाकांचे एबीएस असलेच पाहिजे. स्लिपर क्लच आणि ट्रॅक्शन कंट्रोल असेल तर चांगले, पण त्यांच्या भरवशावर जास्त जोराची गाडी निवडणे चुकीचे आहे. ही साधने चालकाची चूक सौम्य करतात, वळणात जास्त वेगाने शिरलेल्याला बाहेर काढत नाहीत.

खर्चाचा हिशेब शोरूमच्या किमतीपाशी संपत नाही. २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवर १८ टक्के आणि त्यापुढच्यांवर ४० टक्के जीएसटी आहे. नव्या दुचाकीला पाच वर्षांचा तृतीय पक्ष विमा एकदम भरावा लागतो आणि ३५० सीसीपुढे त्याचा दर सगळ्यात चढा आहे. टायर मऊ रबराचे असतात, ते लवकर झिजतात. सर्व्हिसिंग कुठे होणार, हे गाडीची नोंदणी करण्याआधी विचारावे. त्यासाठी दर वेळी नाशिक किंवा पुणे गाठावे लागणार असेल, तर एका साध्या भागासाठीही गाडी कित्येक दिवस उभी राहते.

पुण्या-मुंबईची सेकंड हँड गाडी स्वस्त मिळते, पण पाहणी कसून करावी. टायरवरचे शेवटचे चार आकडे त्याचा आठवडा आणि वर्ष सांगतात. पुढच्या फोर्कवर तेल आलेले नसावे, हँडल दोन्ही बाजूंना सारखे वळावे, चॅसी क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळावा. हस्तांतरणासाठी फॉर्म २९ आणि ३० लागतात, कर्ज फिटलेले असेल तर बोजा उतरवण्यासाठी फॉर्म ३५.

गाडी घरी आल्यावर पहिले काही आठवडे लळिंग, कन्नड किंवा कोंडाईबारी घाटाकडे वळू नये. रिकाम्या सरळ रस्त्यावर आधी ब्रेकचा सराव करावा : दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा हळूहळू दाबत नेत, एबीएसची धडधड हाताला ओळखीची होईपर्यंत. आणि किमतीतले किमान वीस हजार रुपये गाडीबाहेर ठेवावेत, आयएसआय शिक्क्याच्या पूर्ण चेहरा झाकणाऱ्या हेल्मेटसाठी, हातमोज्यांसाठी, घोट्यावरच्या बुटांसाठी आणि उन्हाळ्यात घालता येईल अशा जाळीच्या जॅकेटसाठी. डोक्याला गुंडाळलेला रुमाल ऊन अडवतो, डांबर अडवत नाही. या सामानाला पैसे उरत नसतील तर एक पायरी खालची गाडी घ्यावी.