गावात चित्रफीत दाखविताना

गुलाबी बोंडअळी बोंडाच्या आत राहून नुकसान करते. बाहेरून तिची चाहूल लवकर लागत नाही. सन 2017 च्या हंगामात या अळीने कपाशीचे किती नुकसान केले, हे अमरावती व अकोला जिल्ह्यांतील शेतकरी बंधूंना सांगावयास नको. त्याच वर्षी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या वेळी विषबाधा होऊन अनेक शेतकरी व मजूर दगावले. म्हणून कीड वेळीच ओळखावी आणि फवारणी गरजेपुरतीच व संरक्षक साधने वापरूनच करावी, हे शिकविण्यासाठी चित्रफीत फार उपयोगी पडते. मात्र ती स्पष्ट दिसली पाहिजे.

गतवर्षी अकोट तालुक्यातील एका गावी मी डोमकळीची चित्रफीत लावली. अळीने पाकळ्या आतून जाळ्याने जखडल्यामुळे न उमललेले, गुलाबाच्या कळीसारखे दिसणारे फूल म्हणजे डोमकळी. चित्रफीत संपल्यावर एक वयोवृद्ध शेतकरी म्हणाले, "साहेब, अळी कोठी हाय? मले तं नुसता अंधारच दिसते." चूक माझीच होती. पूर्वतपासणी न करताच मी ती लावली होती.

अशा वेळी व्हीएलसी हे विनामूल्य सॉफ्टवेअर कामास येते. सन 1996 मध्ये पॅरिस येथील विद्यार्थ्यांनी या कार्यास आरंभ केला व 2001 पासून ते सर्वांस खुले झाले. बहुतेक सर्व प्रकारच्या चित्रफिती त्यावर चालतात. संगणकावर कंट्रोल व ई या कळा एकत्र दाबल्या असता एक चौकट उघडते. तिच्यातील चित्राच्या भागात उजेड व छायाभेद वाढविता येतात. केवळ ई ही कळ दाबत गेल्यास चित्र एकेक पाऊल पुढे सरकते. अळी बोंडात शिरतानाचा क्षण असा सावकाश दाखवावा. जुन्या दूरदर्शन मुद्रणातील हालचालीवर आडव्या रेघा दिसत असल्यास डी ही कळ दाबून पाहावी.

पेनड्राइव्हवरील चित्रफीत ग्रामपंचायतीच्या टीव्हीवर चालत नसेल, तर हँडब्रेक या दुसऱ्या विनामूल्य सॉफ्टवेअरने तिचे एमपी-4 प्रकारात रूपांतर करावे. त्यात चित्रबांधणीसाठी एच-264 निवडावे. हा प्रकार जुन्या टीव्हीसही सहसा मानवतो. मूळ प्रत मात्र जपून ठेवावी.

व्हॉट्सॲपवर चित्रफीत नेहमीच्या रीतीने पाठविली की तिचा आकार घटतो व बारकावे पुसले जातात. म्हणून ती 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावी. एकदा गेलेला बारकावा उजेड वाढवून परत येत नाही.

येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. अस्पष्ट चित्र कृत्रिम बुद्धिमत्तेने ठळक करणारी साधने आता मिळतात. ती हरवलेला तपशील शोधून काढीत नाहीत, तर अंदाजाने नवा भरतात. लग्नाच्या चित्रफितीस हे चालेल. पण अळीचा रंग किंवा पानावरील डाग ओळखावयाचा असता असे चित्र शेतकऱ्यास चुकीच्या औषधाकडे नेऊ शकते. कीड ओळखण्यासाठी दिवसाच्या उजेडात, जवळून, हात स्थिर ठेवून नवे चित्रण करणे हाच खरा उपाय होय.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशीच चित्रफीत त्याच टीव्हीवर लावून, शेवटच्या रांगेच्या जागेवर बसून पाहावी. दाखविताना मध्ये थांबावे व प्रश्न विचारावेत. त्यानंतर सर्वांस जवळच्या शेतात न्यावे. हेक्टरी 5 कामगंध सापळे लावलेले असल्यास त्यांतील पतंग मोजून दाखवावेत. एका सापळ्यात सलग तीन रात्री दररोज 8 पतंग आढळल्यास, अथवा फुले-बोंडांचे नुकसान 10 टक्क्यांपर्यंत पोहोचल्यास उपाययोजना करावी, हे तेथेच समजावून द्यावे. पडद्यावर पाहिलेली डोमकळी शेतकऱ्याने स्वतःच्या हाताने उघडून आतील अळी पाहिली, म्हणजे चित्रफितीचे काम पुरे झाले.