जड ते तरंगते, हलके ते बुडते

धानाची पेरणी जवळ आली की गोंदिया जिल्ह्यातले अनेक शेतकरी बियाणे मिठाच्या पाण्यात टाकून पाहतात. दहा लिटर पाण्याला तीनशे ग्रॅम मीठ, असे त्याचे साधे प्रमाण. पोचट दाणे वर येतात, भरलेले तळाशी बसतात. वरचे काढून टाकायचे, खालचे धुऊन सावलीत सुकवून पेरायचे. जड ते खाली आणि हलके ते वर, हा निसर्गाचा नियम आपल्या सगळ्यांच्या अंगवळणी पडलेला आहे.

गोंदियाहून बालाघाट आणि तिथून बैहरमार्गे पुढे गेले, तर शंभराहून अधिक किलोमीटरवर मलांजखंड लागते. हिंदुस्थान कॉपर लिमिटेड या सरकारी कंपनीची तांब्याची मोठी खाण तिथे आहे. देशातील तांब्याच्या ज्ञात साठ्याचा बराच मोठा वाटा या एका डोंगराखाली आहे. 1982 पासून चालू असलेल्या या खाणीशेजारच्या कारखान्यात मात्र मिठाच्या पाण्याचा नियम उलटा झालेला दिसतो. तिथे तांब्याचे जड खनिज फेसावर स्वार होऊन वर येते आणि त्याहून हलकी दगडाची भुकटी तळाशी जाते.

दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात या पद्धतीचे नाव आहे फेनतरण. मुले ते पाठ करतात, दोन गुण मिळवतात आणि विसरून जातात. पण आपल्या घरातल्या पंख्याच्या वायंडिंगपासून रोहित्रापर्यंत जे तांबे आहे, त्यातले बहुतेक कधी ना कधी अशा फेसातून गेलेले असते.

याची गरज का पडली? शेजारच्या भरवेलीत किंवा भंडारा जिल्ह्यातल्या डोंगरी बुजुर्गमध्ये मँगनीज निघते. ते काळे, जड आणि बरेचसे गोळा स्वरूपात असते. ते हाताने निवडता येते, पाण्यात हलवून वेगळे करता येते. बालाघाट-मंडला भागातल्या नद्यांच्या रेतीतून सोन्याचे कण धुऊन काढणारे सोनझारी लोकही वजनाच्या फरकावरच जगत आले. तांब्याचे तसे नाही. मलांजखंडच्या दगडात तांबे असते सुमारे एक टक्का, आणि तेही गारगोटीत बारीक कणांच्या रूपात विखुरलेले. हे कण मोकळे करायचे तर दगड पिठासारखा दळावा लागतो. इतक्या बारीक भुकटीत वजनाचा फरक कामाला येत नाही, सगळेच पाण्यात गढूळ होऊन फिरत राहते.

मग शोधला गेला दुसरा फरक. कोणत्या कणाला पाणी आवडते आणि कोणत्याला नाही, हा. अळूच्या पानावर थेंब पसरत नाही, तर काचेवर पसरतो. दगडाची भुकटी काचेसारखी असते. तांब्याच्या खनिजाचे पान अळूसारखे करायचे काम एका रसायनाकडे दिलेले असते. झँथेट हे त्याचे नाव. त्याच्या रेणूचे एक टोक गंधकाचे. ते चाल्कोपायराइट या तांब्याच्या खनिजाला चिकटते. दुसरे टोक तेलकट, ते पाण्यापासून दूर पळते. असा लेप चढलेला कण हवेचा बुडबुडा दिसताच त्याला बिलगतो. साबणाचा रेणूही असाच दोन टोकांचा असतो, फक्त तिथे मळ पकडला जातो.

मोठ्या टाक्यांमध्ये ही रबडी फिरत्या पात्यांनी ढवळतात आणि खालून हवा सोडतात. बुडबुडे लगेच फुटू नयेत म्हणून पाइन तेलासारखा फेसकारक घालतात. तिसरा घटक चुना. दगडात लोखंड आणि गंधकाचे पायराइट नावाचे खनिजही असते आणि तेही झँथेटला भुलते. चुन्याने पाण्याचा सामू दहा-अकरापर्यंत चढवला की पायराइट मागे राहते आणि तांबे पुढे जाते. ताक घुसळल्यावर लोणी वर यावे, तसा खनिजाने भरलेला फेस टाकीच्या काठावरून ओसंडतो. तो गाळून वाळवला की हाती येतो संहत माल. एक टक्क्याच्या दगडातून पंचवीस टक्के तांब्याची भुकटी तयार होते. ती वितळवण्यासाठी बाहेरगावी जाते.

ही युक्ती एकट्या माणसाची नाही. अमेरिकेतील कॅरी एव्हरसन यांनी तेलाच्या साहाय्याने खनिज वेगळे करण्याचे पेटंट 1886 मध्ये मिळवले होते. पुढे ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिलच्या खाणींत जस्त वाया जाऊन त्याचे डोंगर साचले, आणि ते सोडवण्याच्या धडपडीत 1905 च्या सुमारास हवेच्या बुडबुड्यांची पद्धत पक्की झाली. झँथेट आले 1925 मध्ये, आणि तेलाचे पिंप ओतण्याची गरज संपली. आज टनभर दगडाला बहुधा शंभर ग्रॅम झँथेटही लागत नाही. रद्दी कागदातली शाई काढण्यासाठी आणि कोळसा धुण्यासाठीही हीच पद्धत वापरतात.

आता हिशेब उलट्या बाजूने मांडू. शंभर टन दगडात एक टन तांबे. त्यातले नव्वद टक्के हाती आले, तर संहत माल होतो सुमारे साडेतीन टन. उरलेल्या साडेशहाण्णव टनांचे काय? ती भुकटी पाण्यासह बंधाऱ्यामागच्या तलावात साठवतात. कारखाना चालू असतो तोपर्यंत तिची राखण होते. पण तलाव राहतो कायमचा. भुकटीत उरलेल्या पायराइटवर हवा आणि पाऊस काम करू लागले की त्याचे गंधकाम्ल होते. ते आम्ल दगडातले धातू विरघळवते आणि पाण्यात आणते. जगभरच्या तांब्याच्या खाणींना ही अडचण आहे. मलांजखंडच्या पाण्याचाही शास्त्रज्ञांनी अभ्यास केलेला आहे. तिथले पाणी वैनगंगेकडे नव्हे, तर बंजर नदीकडे उतरते. बंजर कान्हाच्या जंगलातून जाऊन मंडल्याजवळ नर्मदेला मिळते. म्हणजे गोंदियाच्या विहिरींना थेट धोका नसला, तरी हे पाणी कुणाच्या तरी नदीचेच आहे. बंधारा फुटला तर काय होते, ते ब्राझीलमधल्या ब्रुमाडिन्योने 2019 मध्ये दाखवले. लोहखनिजाच्या गाळाचा तो बंधारा होता, आणि त्यात 270 माणसे गेली.

रसायनांची भीती मात्र योग्य जागी ठेवायला हवी. नावे ऐकून झँथेटच सर्वांत घातक वाटते. ते साठवताना ओलसर जागेत किंवा आम्लाच्या संपर्कात आले तर कार्बन डायसल्फाइड सुटतो. हा वायू लवकर पेट घेतो आणि दीर्घकाळ श्वासात गेला तर मज्जासंस्थेला इजा करतो. म्हणून ते कोरड्या, हवेशीर जागी ठेवावे लागते आणि विरघळवणाऱ्याने हातमोजे व मुखवटा वापरावा लागतो. पाण्यातल्या जिवांनाही ते विषारी आहे. पण फेसाच्या टाकीपर्यंत पोचण्याआधीच कामगाराच्या फुप्फुसाचा शत्रू त्याला गाठून चुकलेला असतो. तो म्हणजे दगड फोडताना उडणारी गारगोटीची धूळ. तिचे सूक्ष्म कण फुप्फुसात जाऊन बसतात आणि तिथे व्रण करतात. हा सिलिकोसिस. तो बरा होत नाही, फक्त टाळता येतो. दगडावर पाणी मारून धूळ दाबणे, यंत्रांना झाकणे, धूळ शोषून घेणे आणि नीट बसणारा मुखवटा, एवढ्यावर सगळा भार आहे.

याची दुसरी बाजू डॉक्टरांच्या दारात दिसते. सिलिकोसिसमध्ये खोकला, दम लागणे, वजन घटणे, हे सगळे क्षयरोगासारखे असते. शिवाय सिलिकोसिस असलेल्याला क्षयरोग होण्याची शक्यताही जास्त. त्यामुळे खाणीत, खडी केंद्रावर किंवा दगड दळण्याच्या गिरणीत पाच-दहा वर्षे काम करून गावी परतलेल्या माणसाला महिनोन्‌महिने क्षयाची औषधे चालू राहतात आणि दम काही सुटत नाही. अशा वेळी रुग्णाने किंवा घरच्यांनी आपण होऊन सांगावे, की हा माणूस कोणत्या कामाला होता, किती वर्षे आणि धुळीत की नाही. छातीचा एक्स-रे या माहितीसह पाहिला, तरच डॉक्टरला निदानाची दिशा मिळते. सिलिकोसिस हा खाणकामगारांसाठी अधिसूचित आजार आहे, म्हणजे त्याची नोंद व्हायला हवी आणि भरपाईचा हक्कही त्याला जोडलेला आहे. नोकरीचा दाखला, हजेरीची चिठ्ठी, जुना एक्स-रे जपून ठेवावा. ठेकेदाराकडे काम केलेल्यांनी तर विशेष करून, कारण त्यांचा कागद सहसा कुणी ठेवत नाही.