तुमच्या घराचं उत्पन्न किती?

फॉर्ममधल्या एका रकान्यापाशी आपला हात का थांबतो, आणि तो थांबला की घराला त्याची काय किंमत मोजावी लागते?

कॉलेजच्या ग्रुपवर दरवर्षी एक मेसेज फिरतो. ‘महाडीबीटीची लास्ट डेट जवळ आलीय, राहिलेल्यांनी फॉर्म भरून घ्या.’ त्याखाली तीस-चाळीस अंगठे पडतात. पण त्याच ग्रुपमध्ये दोन-तीन जण असे असतात, जे मेसेज वाचतात आणि मोबाइल पालथा ठेवून देतात. त्यांना वेबसाइट उघडता येत नाही असं अजिबात नाही. त्यांना फक्त एक रकाना नको असतो : कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न.

तुम्ही त्या दोन-तीन जणांपैकी असाल, तर पुढचं नीट वाचा. मीही त्यांच्यातलीच होते.

आमचं गाव यंत्रमागाचं. पप्पा दुसऱ्याच्या मागावर कामाला. मजुरी मीटरवर, त्यामुळे लाइट गेली की कमाई गेली. मला इंजिनीअरिंगला अ‍ॅडमिशन मिळाली तेव्हा सीनिअर मुलींनी सांगितलं, शाहू महाराज शिष्यवृत्तीचा फॉर्म भर, निम्मी फी सुटेल. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला हवा होता. रात्री जेवताना मी विषय काढला. पप्पांनी घास खाली ठेवला. ‘आपण काय भीक मागायला बसलोय व्हय?’ एवढंच म्हणाले. विषय तिथेच संपला.

फॉर्मची मुदत गेली. आठवड्याभराने आईच्या हातातल्या पाटल्या पतसंस्थेत गहाण पडल्या. त्या सोडवायला तीन वर्षं लागली.

‘गरीब’ म्हणजे नक्की कोण?

पप्पांना आणि मलाही तेव्हा एक साधी गोष्ट माहीत नव्हती. राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीची उत्पन्न मर्यादा आहे ८ लाख रुपये. भागाकार करून बघा, महिन्याला साधारण ६६ हजार होतात. म्हणजे ज्या फॉर्मला आम्ही ‘भीक’ म्हणत होतो, तो महिन्याला ६० हजार कमावणाऱ्या घरातली मुलंही निवांत भरत होती. आमचं घर त्याच्या पाव भागातही बसत नव्हतं.

सरकारच्या लेखी ‘गरीब’ असा एक आकडा नाहीच. तुम्ही कुठल्या खिडकीसमोर उभे आहात, यावर तो बदलतो. रेशनवर अन्नसुरक्षेच्या प्राधान्य कुटुंबात बसायला ग्रामीण भागात वार्षिक ४४ हजार आणि शहरात ५९ हजारांची मर्यादा. केशरी कार्ड १ लाखापर्यंत. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांच्या स्वाधार योजनेला अडीच लाख. आणि संजय गांधी निराधार योजनेला? वर्षाला २१ हजार. दिवसाला ५८ रुपयेही नाहीत. यंत्रमागाच्या गावातच काय, महाराष्ट्रात कुठेही एवढ्या पैशांत एका माणसाचे दोन वेळचे जेवण आणि चहा निघत नाही. ही मर्यादा वाढायला हवी, हे सांगायला अर्थशास्त्राची डिग्री लागत नाही.

इथेच गल्लीतला एजंट हळूच म्हणतो, ‘आकडा कमी टाकून देतो, पाचशे द्या.’ मोह होतो. पण अर्जासोबत आपण स्वयंघोषणापत्रावर सही करत असतो. माहिती खोटी निघाली तर पैसे परत भरावे लागतातच, शिवाय गुन्हाही होऊ शकतो. एजंटची सही त्या कागदावर कुठेच नसते. असते ती तुमची किंवा तुमच्या आईची.

सात महिन्यांचे साडेदहा हजार

दुसऱ्या वर्षी मी पप्पांच्या मागे लागून फॉर्म भरलाच. तेव्हापासून गल्लीत माझी ओळख ‘फॉर्मवाली’ अशी झाली. तुमच्या घरी तुम्ही पहिलेच कॉलेजला गेला असाल, तर ही नोकरी तुम्हालाही न मागता मिळालेली असणार. रेशनचं ई-केवायसी, आजीचा हयातीचा दाखला, काकूंचा आलेला ओटीपी, सगळं तुमच्याचकडे येतं.

एकदा शेजारच्या मावशी आल्या. नवरा वारलेला, मूलबाळ नाही, गुडघे गेल्यापासून हातातली कामंही सुटलेली. निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये येत होते, ते अचानक थांबले. एका कार्यालयात त्या चार वेळा जाऊन आल्या. दर वेळी एकच उत्तर, ‘वरून आले नाहीत.’ मावशींनी मेडिकलमधून उधारीवर गोळ्या घ्यायला सुरुवात केली. मग त्याही बंद केल्या.

मी मोबाइलवर ‘माय आधार’ची साइट उघडली. आधार नंबर टाकला, ओटीपी टाकला आणि बँक सीडिंग स्टेटस पाहिलं. तिथे भलत्याच बँकेचं नाव होतं. मावशींना आधी काही आठवेना. मग म्हणाल्या, ‘गल्लीत एक बाई मशिन घेऊन आलती बघ, अंगठा घेतला, म्हणाली फुकट खातं निघतंय.’

सरकारी अनुदान आता थेट खात्यात येतं आणि ते आधारशी शेवटी जोडलेल्या खात्यात जातं. पासबुक कुठलं दाखवता, याला तिथे काही अर्थ नसतो. आम्ही त्या दुसऱ्या बँकेत गेलो. सात महिन्यांचे १०,५०० रुपये तिथे पडून होते. मावशी बँकेतच खुर्चीवर बसल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, ‘म्हंजे मी औषधं उगंच बंद केली.’

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. पाच मिनिटांचं काम होतं आणि मावशी माझ्याकडे सात महिन्यांनी आल्या होत्या. कारण विचारलं तर म्हणाल्या, ‘तुझा अभ्यास असतो की गं.’

लाज ही आपली परंपरा नाही

मदत घेणं म्हणजे कमीपणा, हे आपल्या मातीतलं शिक्षण नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये कोल्हापुरात विद्यार्थ्यांसाठी बोर्डिंग सुरू करून दिलं. पुढे एकेका समाजासाठी बोर्डिंगं निघत गेली. खेड्यातल्या मुलाची बुद्धी कमी नसते, शहरात राहायला त्याला जागा नसते, हे त्यांनी ओळखलं होतं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं, आणि पोरांच्या जेवणाची सोय व्हावी म्हणून लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. त्या बोर्डिंगांतून शिकलेल्या पिढ्यांनी पुढे महाराष्ट्र चालवला. त्यांना कुणी भिकारी म्हटलं नाही.

आज तोच प्रश्न वेगळ्या रूपात आहे. गावाकडून पुण्या-मुंबईला आलेल्या मुलामुलींचा खरा खर्च फी नसतो. कॉट बेसिस, मेस आणि पास असतो. सरकारी वसतिगृहात नंबर लागला नाही, तर स्वाधार योजनेतून मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६० हजार रुपयांपर्यंत मिळू शकतात. आदिवासी विद्यार्थ्यांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयंम योजना आहे, ओबीसींसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना आहे. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना ८ लाखांच्या मर्यादेत फीची पूर्ण सवलत आहे. पुणे विद्यापीठाची ‘कमवा व शिका’ योजना तर कर्मवीरांच्याच नावाने चालते.

घरात कुणी आजारी पडलं, तर आणखी दोन गोष्टी लक्षात असू द्या. एक, महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना : यादीतल्या उपचारांसाठी, योजनेतल्या रुग्णालयांत, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण. दोन, धर्मादाय रुग्णालयं : ट्रस्टच्या मोठ्या रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. चकाचक लॉबी बघून बाहेरूनच मागे फिरू नका. आत जाऊन वैद्यकीय समाजसेवक कुठे बसतात, एवढं विचारा.

आता हातात मोबाइल घ्या

• उत्पन्नाचा दाखला लास्ट डेटच्या आठवड्यात काढायला जाऊ नका, त्या आठवड्यात अख्खा तालुका तिथे असतो. निकाल लागायच्या आधीच अर्ज करा. ‘आपले सरकार’ पोर्टलवर किंवा सेतू केंद्रात करता येतो.

• पोचपावती घ्याच. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने दाखल्यांना मुदत ठरवून दिलेली आहे. मुदत टळली तर खात्यातच पहिलं आणि दुसरं अपील करता येतं, त्यानंतर आयोगाकडे जाता येतं.

• फॉर्म सबमिट केला म्हणजे काम झालं, असं नाही. तो कॉलेजच्या लॉगिनला अडकून राहतो. महिन्याने स्टेटस बघा, क्लार्कना भेटा. त्रुटी निघाली असेल तर मुदतीत दुरुस्त करा.

• घरातल्या प्रत्येकाचं बँक सीडिंग स्टेटस एकदा तपासा. आज रात्री जेवणानंतरही होईल.

• दुसऱ्यासाठी फॉर्म भरत असाल, तर ओटीपी त्यांच्यासमोरच टाका. पासवर्ड त्यांच्या वहीत लिहून द्या, तुमच्या मोबाइलमध्ये ठेवू नका. आधारचा फोटो काम झाल्यावर डिलीट करा. विश्वासाने दिलेला कागद आहे तो.

एक गोष्ट मात्र कुठल्याच पोर्टलवर नाही. तुमच्या बेंचवर शेजारी बसणारा एखादा जण फॉर्मचा विषय निघाला की उठून जात असेल. त्याला सगळ्यांसमोर ‘तू भरलास का?’ असं विचारू नका. कॅन्टीनमधून परत येताना, दोघंच असताना, ‘मी भरतोय, तुझाही बघू का?’ असं म्हणा. मला कुणी असं विचारलं असतं, तर कदाचित पाटल्या घरातच राहिल्या असत्या.

पप्पांनी त्या रात्रीच्या वाक्याबद्दल पुन्हा कधीही काही बोललं नाही. माझं शेवटचं वर्ष सुरू असताना मात्र एका रविवारी ते कामावरच्या एका सोबत्याला घरी घेऊन आले. सोबत्याच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद होते. तो दारातच घुटमळत उभा होता. पप्पा त्याला म्हणाले, ‘ये की आत. लाजायचं काय त्यात?’ आणि मग माझ्याकडे न बघता म्हणाले, ‘ह्याच्या पोरीचा तेवढा फॉर्म भरून दे.’