मदनाचे घर कोठे आहे?

वसंत हा मदनाचा सखा. तेव्हा वसंतातल्या व्याख्यानमालेत मदनाच्या घराची चौकशी केली, तर ती अप्रस्तुत ठरू नये. इंद्राची अमरावती, विष्णूचे वैकुंठ, शंकराचा कैलास आपणां सर्वांस ठाऊक आहेत. पण मदन राहतो कोठे, असे कोणी विचारले तर आपण थोडे थबकतो.

पाश्चात्त्यांच्या कथेत याचे उत्तर सरळ मिळते. दुसऱ्या शतकातील अपुलेयस या लॅटिन लेखकाने क्युपिडचा, म्हणजे तिकडच्या मदनाचा, प्रासाद वर्णिला आहे. सोन्याचे खांब, हस्तिदंती छत, रत्नांची जमीन आणि डोळ्यांना न दिसणारे सेवक. सायकी तेथे राणीसारखी राहते. परंतु पती अंधारात येतो आणि उजाडण्यापूर्वी जातो. त्याचे तोंड पाहावयाचे नाही, ही अट. एका रात्री ती दिवा लावते, तापलेल्या तेलाचा थेंब त्याच्या अंगावर पडतो आणि तो निघून जातो. घर भव्य खरे, पण त्यात विश्वासाला जागा नव्हती.

आमच्या परंपरेने मदनाला असा वाडा बांधून दिला नाही. त्याची नावेच पाहा. मनसिज, मनोभव, म्हणजे मनात जन्मलेला. आणि शिवाच्या तिसऱ्या नेत्राने देह जाळल्यापासून अनंग. ज्याला अंगच नाही, त्याला घर कशाला? सातव्या शतकातील हर्षाच्या ‘रत्नावली’ नाटिकेत मदनाची पूजा होते तीदेखील उद्यानात, तांबड्या अशोकाच्या तळाशी.

मग कालिदासाची अलका कोणाची? ती कुबेराची नगरी. ‘मेघदूता’त कवी सांगतो की, तेथे साक्षात् शिव जवळ राहतो म्हणून मदन भीतीने आपले भुंग्यांच्या दोरीचे धनुष्य सहसा हाती धरीतच नाही. त्याचे काम तेथील चतुर स्त्रियांच्या दृष्टिक्षेपांनीच होते. प्रेमाच्या नगरीत प्रेमदेवच निःशस्त्र! यातला अर्थ आम्हांला असा दिसतो की, जेथे माणसे एकमेकांकडे मनापासून पाहतात, तेथे देवाला बाण मारण्याची गरज उरत नाही.

या नगरीचे वर्णन ज्या डोंगरावरून होते, तो रामगिरी आपल्याच जिल्ह्यातला रामटेक होय, असे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादिले. टीकाकार मल्लिनाथ रामगिरी म्हणजे चित्रकूट समजत असे. पण वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिच्या ऋद्धपूर ताम्रपटात ‘रामगिरिस्वामी’च्या पादमूलाचा उल्लेख आहे, आणि काव्यातल्या डोंगरावरही रामाच्या पाउलखुणा आहेत. हा मेळ सहज दृष्टीआड करता येण्याजोगा नाही.

आता बोलणारा कोण, ते पाहा. यक्ष हा कुबेराचा चाकर. कामात चूक झाली म्हणून धन्याने त्याला वर्षभर घरापासून दूर पाठविले. आठ महिने सरले, चार उरले. तो मेघाला घराचा पत्ता सांगतो. कुबेराच्या वाड्याच्या उत्तरेस, इंद्रधनुष्यासारख्या तोरणाचे घर. दारावर शंख आणि पद्म काढलेले. पाचूच्या पायऱ्यांची विहीर. आणि पत्नीने मुलासारखा वाढविलेला मंदाराचा लहानसा वृक्ष, ज्याचे घोस हाताला लागतात. शेवटी तो म्हणतो, मी नसल्याने ते घर आता निस्तेज झाले असेल. उंबऱ्यावर ठेवलेली फुले भुईवर मांडून पत्नी उरलेले महिने मोजीत असेल.

श्रोतेहो, आपली ही वाडी अमरावती रस्त्यावरची. येथे मालमोटारींचे तळ आहेत, गोदामे आहेत, पोटासाठी घर सोडून आलेली माणसे आहेत. रात्री मोटारीच्या सावलीत बसून गावाकडची खुशाली विचारणारा चालक आणि रामगिरीवरचा यक्ष यांच्यात अंतर फार नाही. मेघाच्या जागी आता दूरध्वनी आला, एवढाच फेर. त्यालाही पाचूच्या पायऱ्या आठवत नसतील. अंगणातले झाड मात्र आठवत असेल.

म्हणून मदनाच्या घराचा पत्ता विचारणाऱ्यास आम्ही सांगू, सोन्याच्या खांबांकडे जाऊ नका. ज्या उंबऱ्यावर कोणीतरी कोणासाठी दिवस मोजीत आहे, तेथे जा. आणि त्या उंबऱ्यापासून आपण दूर असू, तर यक्षाप्रमाणे निरोप धाडण्यास विसरू नका.