पक्ष कुठलाच नाही, पण काम आमदारांशी: अशा नोकरीला अर्ज कसा करायचा?

ज्यांना हा भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी तो लिहून देतोय.

पारोळ्याच्या एका श्रोत्याने विचारलंय: "दादा, मुंबईच्या एका संस्थेची जाहिरात आलीय. पद 'गव्हर्नमेंट अफेअर्स'चं. संस्था सरकारवर लक्ष ठेवते, कुठल्याच पक्षाची नाही. पण २०२४ च्या विधानसभेला मी एका उमेदवाराचं इन्स्टा सांभाळलं होतं. अर्ज करू का? आणि ते लिहू की लपवू?"

उत्तर आधीच सांगतो. अर्ज कर, आणि लपवू नको. का, ते आता बघू.

ही संस्था म्हणजे काय?

गावात पूर्वी जागल्या असायचा. चोर कुठल्या वाड्यातला आहे हे बघून तो ओरडायचा नाही. या संस्थांचंही तेच काम.

एडीआरचं उदाहरण घ्या. १९९९ मध्ये आयआयएम अहमदाबादच्या प्राध्यापकांनी दिल्ली उच्च न्यायालयात याचिका केली. मागणी साधी होती: उमेदवारावर गुन्हे किती, मालमत्ता किती, हे मतदाराला कळलं पाहिजे. २ मे २००२ ला सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली. मग काय झालं? एरवी एकमेकांशी भांडणारे पक्ष या निकालाच्या विरोधात एकत्र आले आणि कायदाच बदलला. ती दुरुस्ती न्यायालयाने १३ मार्च २००३ ला रद्द केली. आज आपण 'माय नेता'वर उमेदवाराची माहिती बघतो, ती यामुळे. निवडणूक रोखे रद्द झाले, १५ फेब्रुवारी २०२४ ला, त्या प्रकरणातही एडीआर याचिकाकर्ती होती.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. अशा संस्थेच्या बाजूने कायमचं कुणीच नसतं. तिच्याकडे फक्त विश्वास असतो.

मग 'गव्हर्नमेंट अफेअर्स'वाला करतो काय?

संस्थेने काढलेली माहिती आमदार, समित्या आणि मंत्रालयापर्यंत पोचवतो. जाहिरातीत कधी 'पब्लिक अफेअर्स', कधी 'अ‍ॅडव्होकसी' असंही लिहिलेलं असतं.

आपल्याकडे अर्थसंकल्पी आणि पावसाळी अधिवेशन मुंबईत, हिवाळी नागपूरला. त्याआधी एका विषयावर एक पानाचं टिपण करायचं आणि सगळ्या पक्षांच्या आमदारांना द्यायचं. त्यातून कुणी तारांकित प्रश्न विचारतं, म्हणजे मंत्र्याला सभागृहात तोंडी उत्तर द्यावं लागतं आणि त्यावर उपप्रश्नही येतात. अतारांकित असेल तर लेखी उत्तर मिळतं. विषय तातडीचा असेल तर लक्षवेधी सूचना.

समित्याही माहीत हव्यात. मे २०२५ मध्ये विधिमंडळाची अंदाज समिती धुळ्याच्या दौऱ्यावर होती, तेव्हा शासकीय विश्रामगृहाच्या एका खोलीत पावणेदोन कोटींहून जास्त रोकड सापडली. समितीचं नाव घरोघरी गेलं. पण ती करते काय? सरकारी खर्चाचे अंदाज तपासते, काटकसर कुठे होईल ते सुचवते. बातमी सगळ्यांनी बघितलेली असते. समितीचं काम दोन वाक्यांत सांगता येणारे कमी असतात. मुलाखतीत तोच फरक पडतो.

ओळख नाही, कागद दाखवा

"मला लोकांत मिसळायला आवडतं" असं प्रत्येक अर्जात असतं. त्याऐवजी स्वतः केलेलं एक टिपण जोडा.

समजा विषय केळीचा फळपीक विमा. तुमच्या तालुक्यात किती शेतकऱ्यांनी दावे केले, किती मंजूर झाले, किती अडकले आणि कुठल्या कारणाने? माहितीच्या अधिकारात अर्ज करा. शुल्क १० रुपये. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांपर्यंत, हे लक्षात ठेवा. साधारण ३० दिवसांत उत्तर द्यायचं असतं. नाही आलं तर पहिलं अपील. योजनेचा जीआर शासनाच्या संकेतस्थळावर मराठीत फुकट मिळतो.

मग एक पान लिहा: अडचण काय, आकडा कुठून आला, जीआर काय म्हणतो, आणि मागणी नेमकी कुणाकडे. जळगाव जिल्ह्यात ११ आमदार आहेत. अकराही कार्यालयांत तोच कागद द्या, एक शब्द न बदलता. हे तुम्ही केलंत, तर पक्षनिरपेक्ष काम कसं करायचं ते तुम्हाला कळलं आहे. जीआरची मराठी वाचता येणं आणि शेतकऱ्याशी बोलता येणं, या दोन्ही गोष्टी आपल्या पोरांकडे असतात. अर्जात त्या लिहायला लाजू नका.

सराव हवा असेल तर प्रजा फाउंडेशनची मुंबईच्या आमदारांची प्रगतिपुस्तकं वाचा. दिल्लीच्या पीआरएस संस्थेची 'लॅम्प' फेलोशिपही बघा. तिच्यात तरुण एका खासदारासोबत संसदेचं काम शिकतात.

आता त्या इन्स्टाचं काय?

समजा संस्थेने एका मंत्र्याच्या खात्याचा अहवाल काढला. त्याचे कार्यकर्ते आधी आकडे तपासत नाहीत, कर्मचाऱ्यांचे प्रोफाइल तपासतात. प्रचाराचा एक जुना सेल्फी सापडला की "हे तर त्यांचेच" म्हणून सगळा अहवाल बाजूला. त्यात ज्या शेतकऱ्याची अडचण मांडली होती, तोही बाजूला.

म्हणून संस्थेला आधीच कळलं पाहिजे. अर्जात सरळ लिहा: "२०२४ च्या निवडणुकीत मी एका उमेदवाराचं समाजमाध्यमांचं काम केलं. आज मी कुठल्याही पक्षाचा सदस्य नाही. संस्थेचे नियम पाळायला तयार आहे." अर्थात, हे खरं असेल तरच. अजून सदस्य असाल तर आधी ते ठरवा. पोस्ट घाईने उडवून उपयोग नाही, स्क्रीनशॉट राहतातच. काही संस्था यावरून नाहीही म्हणतील. पण रुजू झाल्यावर हे बाहेर आलं, तर नोकरी तर जाईलच, संस्थेचं नावही जाईल.

मुलाखतीत एक प्रश्न येऊ शकतो: "तुमच्या आवडत्या नेत्याचे आकडे वाईट आले तर?" "मला आवडता नेताच नाही" म्हणू नका, कुणाला पटणार नाही. म्हणा: आकडा पुन्हा तपासेन, त्यांना बाजू मांडायची संधी देईन, मग छापेन, आणि नावडत्या नेत्यालाही हाच नियम.

तुम्हीही त्यांना तपासा

नोंदणी आहे का, वार्षिक अहवाल उघड आहे का, पैसा कुठून येतो, विदेशी देणगी असेल तर एफसीआरए नोंदणी आहे का? पगार आणि करार किती काळाचा, हेही विचारा. मुंबईत खोलीचं भाडं द्यायचंय. नोकरीसाठी कुणी पैसे मागितले, तर तिथूनच परत फिरा.

तर पारोळेकर भाऊ, अर्ज पाठव. टिपण तयार झालं की आम्हालाही पाठव, वाचून कळवू. बाकी मंडळींनी तुमच्या तालुक्याचा विषय कमेंटमध्ये लिहा. भेटू पुढच्या भागात!