तारेखालचं चुंबक

महाडच्या पुराचा चिखल उपसताना मित्राच्या घरातून जे सामान बाहेर आलं, त्यात एक बेस गिटार होती. २०२१ चा जुलै. सावित्री-गांधारीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा ती खालच्या खोलीत पलंगाखाली होती. तिची मान पिळवटली होती, लाकडाचे जोड उकलले होते. तारांखालच्या दोन्ही पिकअपना मीटर लावला, काटा जागचा हलला नाही. आतली तांब्याची तार जेमतेम ०.०६ मिलिमीटर जाड, आपल्या केसाइतकी. तिला हिरवा कळंक चढला की ती कुठे तुटली हे शोधूनही सापडत नाही. मित्र म्हणाला, "टाकून दे रे." मी पिकअप तेवढे काढून पोलादपूरला घरी नेले. त्यांत सोळा चुंबकं होती, आणि बुडाल्यानं चुंबक मरत नाही.

गेली पंधरा वर्षं मी ऑर्केस्ट्रात बेस वाजवतो. हळदी, साखरपुडे, गावच्या पूजा. गिटारीच्या आवाजाबद्दल बोलणं निघालं की लोक लाकडाबद्दल बोलतात, अँप्लिफायरबद्दल बोलतात. तारेखालच्या चुंबकाबद्दल कुणी बोलत नाही. माझा जीव मात्र तिथंच अडकला आहे.

पिकअपला पुष्कळ जण छोटा माईक समजतात. माईक हवेची थरथर टिपतो, पिकअपला हवेशी देणंघेणं नाही. खालचं चुंबक वरच्या पोलादी तारेला तात्पुरतं चुंबक बनवतं. तार हलली की कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र कमीजास्त होतं आणि कॉइलमध्ये वीज उमटते. फॅरडेनं १८३१ मध्ये दाखवलं ते हेच. म्हणून नायलॉनची तार लावली तर हे पिकअप ढिम्म राहतं.

इतिहास थोडक्यात सांगतो. तारेखाली चुंबक आणि कॉइल ही जोडी जॉर्ज बीचम यांनी १९३१ च्या सुमारास अमेरिकेत जमवली. फेंडरचा प्रिसिजन बेस १९५१ मध्ये आला, जॅझ बेस १९६० मध्ये. ॲल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांच्या नावांची आद्याक्षरं जोडून ज्याला अल्निको म्हणतात, त्या मिश्रधातूच्या घराण्याची सुरुवात तोकुशिची मिशिमा यांनी १९३१ मध्येच जपानात केली. स्वस्तातलं काळं फेराइट चुंबक १९५० नंतर बाजारात पसरलं.

आता माझ्या बेसकडे येतो. ती प्रिसिजनच्या धर्तीची, स्वस्तातली. तिच्या पिकअपचे दोन तुकडे, प्रत्येकात चार पोलादी दांड्या. दांड्या नुसत्या पोलादाच्या, चुंबक नव्हेत. चुंबक म्हणजे बुडाला चिकटवलेल्या फेराइटच्या पट्ट्या. मित्राची बेस जॅझच्या धर्तीची, तिच्यात दांड्या हेच चुंबक होतं, अल्निकोचं. फरक एवढाच दिसतो, पण ऐकू फार येतो. कॉइलच्या पोटात पोलाद असलं की तिचा इंडक्टन्स वाढतो आणि वरचे सूर दबतात, आवाज जाडा पण गढूळ निघतो. पोलाद काढून अल्निको घातलं की इंडक्टन्स उतरतो आणि वरची धार उघडते. कॉइल तीच, वेढे तेच.

म्हणून मित्राच्या दांड्या माझ्या पिकअपमध्ये घालायचं ठरवलं. पण आधी बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायचा साचा, बघायचं. जुन्या पद्धतीच्या पिकअपमध्ये तार थेट दांड्यांवरच गुंडाळलेली असते. तिथं दांडी ठोकली की आतले वेढे तुटले म्हणून समजा. प्लास्टिकच्या नळ्या असलेलं बॉबिन असेल तरच हात घालायचा. माझं तसं होतं. केस वाळवायच्या यंत्रानं पट्ट्यांचा डिंक ऊन केला. जास्त तापवायचं नाही, कॉइलमधलं मेण पाघळतं. पट्ट्या सुटल्या. दांड्या लाकडी खुंटीनं खालून हळूहळू ढकलल्या. व्यास जुळला, हे माझं नशीब.

मग दिशेचा प्रश्न. प्रिसिजनच्या दोन तुकड्यांत वेढे उलटसुलट असतात, त्यामुळे विजेची ५० हर्ट्झची घरघर एकमेकांत जिरते. एका तुकड्यात उत्तर ध्रुव वर, दुसऱ्यात दक्षिण वर ठेवला तरच चारही तारांचे सूर एका दिशेनं धावतात. जॅझच्या एका पिकअपमधल्या आठही दांड्या एकाच दिशेच्या होत्या. चार तशाच घातल्या, चार उलट्या. पोराचं शाळेतलं होकायंत्र हाताशी घेऊन प्रत्येक दांडी तपासली.

त्या आधी त्या आठही पुन्हा भाराव्या लागल्या. मी सोळा दांड्या एका डबीत कशाही भरून ठेवल्या होत्या. अल्निकोचा हा स्वभावच आहे. समान ध्रुव एकमेकांवर रेटले की ते दुबळं पडतं, फेराइट मात्र दाद देत नाही. निओडिमियमचे दोन ठोकळे शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, समोरासमोर बसवून त्यांच्यामधून एकेक दांडी ओढली की पूर्ण जोर परत येतो.

डाग दिला, तारा चढवल्या, वाजवलं. खालच्या तारेवरचा सूर पहिल्यांदा मला सुटासुटा ऐकू आला. पण वरच्या पट्ट्यांवर बोट ठेवलं की सूर डुलायला लागला, जणू दोन सूर एकमेकांना ढकलतायत. चुंबक तारेला ओढत होतं, तिला मोकळी डोलू देत नव्हतं. पिकअप दोन मिलिमीटर खाली घेतलं आणि डुलणं गेलं. तगडं चुंबक म्हणजे तगडा आवाज, हे दुकानात सांगतात. माझा अनुभव उलटा आहे. तारेला जितकं सोडाल तितकी ती गाते.

यावरून महाडचा छबिना आठवतो. वीरेश्वराच्या उत्सवात गावोगावच्या पालख्या येतात, ढोल घुमतात. दवानं पान सैल पडलं की ढोलवाले जाळ करून ते शेकतात. शेक किती द्यायचा हे हातालाच कळतं. जास्त ताणलं की आवाज टणक होतो आणि घुमारा जातो. मी पिकअप वरखाली करताना त्या ढोलवाल्यांचा हात आठवतो.

उरलेल्या आठ दांड्यांचं काम पोलादपूरच्याच एका बेंजोवाल्या दादांनी काढलं. आपल्याकडे मिरवणुकीत बेंजो म्हणतात ते खरं विजेवरचं बुलबुलतरंग. त्याचा पूर्वज ताईशोगोतो, नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये टाइपरायटरसारख्या कळा बसवून केलेलं वाद्य. अल्निकोही जपानचं आणि बेंजोचं मूळही जपानचं, याचा मला दर वेळी नवा आनंद होतो. दादांची तक्रार अशी, "वरच्या कळा दाबल्या की सूर घुसमटतो रे भाऊ." मी पिकअप उघडून पाहिलं. बारीक तारांखाली जाडजूड फेराइट, तेही अगदी चिकटून. बेसच्या तारेला सोसतो तो ओढा बेंजोच्या तारेला सोसत नाही. तिथं मी डबीतल्या दुबळ्या पडलेल्या दांड्या तशाच, न भारता बसवल्या. आवाज थोडा कमी झाला, तो अँपवर वाढवून घेतला.

नंतर एका विसर्जनाला टेम्पो बाजारातून निघाला तेव्हा मी मुद्दाम मागून चालत होतो. पाऊस होता, बेंजोवर प्लास्टिक ताणलं होतं. दादांनी सगळ्यात वरची कळ दाबून धरली, मागं वळून माझ्याकडे पाहिलं आणि तार पुरती विझेपर्यंत बोट उचललं नाही.