घामाचा गारठा आणि कपड्यांचे थर

चामटोली परिसरातून हिवाळ्यातील पहाटे डोंगर चढणाऱ्याचा सुती सदरा घामाने पाठीला चिकटतो आणि माथ्यावरील वाऱ्यात त्याला हुडहुडी भरते. हेच गुलमर्गच्या बर्फात स्की बांधून चढणाऱ्याच्या जिवावर बेतू शकते, कारण पाण्यातून उष्णता स्थिर हवेच्या जवळपास 25 पट सहजतेने वाहते आणि एक लिटर घाम वाळण्यास सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता लागते. म्हणून अंगालगत घाम बाहेर सोडणारी लोकरी वा पॉलिएस्टरची बंडी, तिच्यावर हवा कोंडून धरणारा, म्हणजेच उष्णतारोधक, फ्लीसचा थर आणि वर वारा अडवणारे जाकीट असावे. चढताना मात्र मधला थर पिशवीतच ठेवून किंचित थंडी सोसावी आणि थांबताच, अंग निवण्यापूर्वी, तो चढवावा. नवखे नेमके याच्या उलट करतात.